भिंतीवर मारलेली गाडी

देवाजी गजभियेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि तो पत्र्याला शिव्या देत होता. १९७२ सालची गोष्ट. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या गोंडवाना मोटर्समध्ये मी ट्रेसर म्हणून लागले, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. इंजिनियर पेन्सिलीने नकाशे काढत आणि मी ते शाईने पारदर्शक कागदावर उतरवत असे. असाच एक नकाशा घेऊन मागच्या शेडमध्ये गेले, तर वाकवलेला पत्रा शिकंज्यातून सुटून या माणसाच्या डोक्यावर बसला होता. भुवईवरची कातडी उघडी पडली होती. मी किंचाळले. त्याने खिशातलं फडकं काढून जखमेवर करकचून बांधलं, तोच पत्रा पुन्हा शिकंज्यात अडकवला आणि लाकडी हातोड्याने त्याला असा बडवायला लागला की माझे कान बधिर झाले.

"घाबरून नका राहू, ताई," तो म्हणाला. "यानं मले एक मारली. आता माहा नंबर हाये."

देवाजी डेंटर होता. म्हणजे ठोकून ठोकून गाडीचा पत्रा घडवणारा. गोंडवाना मोटर्स ट्रक आणि जीप बनवायची, चार हजार माणसं कामाला होती, पण नव्या गाडीचं पहिलं अंग हाताने घडवू शकेल असा माणूस एकच होता.

मार खाणं आणि मारणं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचं घर मूळचं पारशिवनीकडच्या एका खेड्यातलं. छप्पन साली त्याचा बाप बायकोपोरांना घेऊन नागपूरला आला, दीक्षा घेऊन गावी परतला, आणि दुसऱ्याच आठवड्यात मेलेलं जनावर ओढायला त्याने नकार दिला. गावातल्या आठ-दहा जणांनी त्याला विहिरीजवळ गाठून काठ्यांनी झोडपलं. सोळा वर्षांचा देवाजी मध्ये पडला, तर त्याचे पुढचे दोन दात पाडले. बापाचा उजवा हात कोपरातून मोडला तो कायमचाच. आठ दिवसांनी गजभिये कुटुंब गाव सोडून नागपुरात इंदोऱ्याला आलं. मग देवाजी कामठीच्या एका गॅरेजमध्ये कामाला राहिला. तिथे लष्कराचे चेपलेले ट्रक यायचे. तिथला उस्ताद चूक झाली की हातात असेल ते फेकून मारायचा. देवाजी सांगायचा, "पाना चुकवता आला का समजाचं, काम आलं."

बाप लवकर गेला. धाकटी बहीण मीरा, तिला देवाजीनेच वाढवलं, आणि तिचं लग्नही आपल्या पसंतीच्या माणसाशी लावून दिलं. तो गोविंदा. तो पूर्वी मिलिटरीत ड्रायव्हर होता, आणि देवाजीनेच शब्द टाकून त्याला गोंडवानात टेस्ट ड्रायव्हर म्हणून लावलं. उंच, हसरा, स्टिअरिंगवर बसला की शीळ घालणारा माणूस.

त्या वर्षी आमच्या छोट्या मालकांच्या डोक्यात स्पोर्ट्स गाडी शिरली. छोटे मालक म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांचे धाकटे भाऊ. परदेशातून परत आले ते ठरवूनच, की आपल्या कंपनीला लोक फक्त ट्रकवाली म्हणतात, हे पुसायचं. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी गाडी करायची. ती आखातात विकायची, म्हणजे परकी चलन येतं म्हणून दिल्लीहून परवानाही मिळेल. हिशेब खात्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विरोध केला तेव्हा छोट्या मालकांनी टेबलावरची काचेची राखदाणी त्यांच्या दिशेने भिरकावली. ती भिंतीवर फुटली. विरोध तिथेच संपला.

गाडीचं कागदोपत्री नाव 'एक्स सात'. शेडमधली माणसं तिला नुसतं 'सातवी' म्हणत. काम ज्यांच्याकडे दिलं होतं ते श्रीधर दाणी. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातले, हुशार, मितभाषी इंजिनियर. मोठ्या कंपनीत नवी गाडी कशी जन्माला येते ते मी त्यांच्याच हाताखाली पाहिलं. आधी चित्रं. चित्र पसंत पडलं की खऱ्या मापाचा सागवानी साचा. साचा पसंत पडला की त्यावर ठोकून घडवलेलं पत्र्याचं अंग, मग इंजिन, मग रस्त्यावर दहा हजार मैल. प्रत्येक टप्प्यावर एक फाईल, आणि फाईलवर पाच सह्या. शेवटची सही संचालक मंडळाची. ती झाली की कारखान्यात साचे बसायचे आणि गाडी बाजारात जायची. दाणी म्हणायचे, "उत्तरा, यातली एकेक सही म्हणजे एकेक माणूस 'हो' म्हणाला असं. 'नाही' म्हणायला या फाईलमध्ये जागाच नाही."

सातव्या महिन्यात सागवानी साचा तयार झाला. छोटे मालक त्याच्याभोवती फिरले, बॉनेटपाशी वाकले आणि म्हणाले, "हे दोन इंच खाली घ्या."

दाणींनी समजावलं. बॉनेटखाली स्टिअरिंगचा रॉड होता. त्यांच्या नकाशात तो मध्ये दोन ठिकाणी सांध्यांनी मोडता ठेवला होता. पुढून धडक बसली तर तो घडी व्हावा, मागे येऊ नये म्हणून. बॉनेट खाली घेतलं तर सांध्यांना जागा उरत नव्हती. मग एकच सरळ रॉड घालावा लागणार होता.

"मग सरळ घाला," छोटे मालक म्हणाले. "ट्रकला सरळच आहे ना?"

"ट्रकमध्ये माणूस उंच बसतो, साहेब. इथे रॉडचं टोक पुढच्या चाकांच्याही पुढे जातं, आणि दुसरं टोक बरोबर छातीसमोर येतं."

"दाणी, मला गाडी हवी आहे. व्याख्यान नको. तुम्हाला जमत नसेल तर जमणारा आणतो."

दाणींनी मान खाली घातली. दोन दिवसांनी नवा नकाशा माझ्या टेबलावर आला. मी तो शाईने उतरवला. जुन्या नकाशावर 'रद्द' असा शिक्का मारून तो कपाटात टाकला.

देवाजीला नकाशे वाचता येत नव्हते, पण गाडी वाचता यायची. रॉड बसवला त्या दिवशी तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, स्टिअरिंगच्या मध्यावर हात ठेवून पुढे बघत राहिला, आणि बाहेर येऊन दाणींना म्हणाला, "साहेब, हा रॉड नोहे. हा भाला हाये."

"मला माहीत आहे," दाणी म्हणाले.

"मंग काहून लावून राहिले?"

दाणी वळून निघून गेले.

मे महिन्याच्या उन्हामुळे गाडीची चाचणी पहाटे व्हायची. चौऱ्याहत्तर सालच्या मेमध्ये, सकाळी साडेसहाला, अमरावती रोडवर वाडीच्या पुढे, एक बंद पडलेला ट्रक वळणावर उभा होता. गोविंदाने ब्रेक दाबला. गाडी सरकत सरकत गेली आणि ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळली. वेग फार नव्हता. पुढचा पत्रा हातभर चेपला, दिवे फुटले. काच तर तडकलीसुद्धा नाही. जीपमधून मागे येणाऱ्या माणसांना वाटलं, गोविंदा आता शिव्या देत उतरेल.

तो उतरला नाही. रॉड मागे आला होता. स्टिअरिंगचं चाक वाकून फुलासारखं उलटलं होतं आणि रॉड गोविंदाच्या छातीतून सीटमध्ये घुसला होता.

त्याला बाहेर काढता येईना, म्हणून कारखान्यातून देवाजीला बोलावलं. त्याला घेऊन निघालेल्या जीपमध्ये दाणींसोबत मीही चढले. कुणी मला थांबवलं नाही आणि मलाही थांबायचं सुचलं नाही. देवाजी धावत गेला, दारातून आत वाकला, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. गोविंदा अजून जिवंत होता. ओठ हलत होते.

"जवाई, हलू नका," देवाजी म्हणाला. "हलू नका गा. मी कापून राहिलो." आणि त्याने आरी लावली. रॉड पक्क्या लोखंडाचा. प्रत्येक ओढीबरोबर गोविंदाचं अख्खं शरीर थरथरत होतं. देवाजीचे हात कोपरापर्यंत लाल झाले, आरी निसटायला लागली, तेव्हा त्याने अंगातला सदरा फाडून मुठीला गुंडाळला आणि परत कापायला घेतलं. अर्धा रॉड कापून झाला तेव्हा गोविंदाची मान पडली. देवाजी थांबला नाही. उरलेला रॉडही त्याने कापला, आणि बहिणीच्या नवऱ्याला उचलून रस्त्याच्या कडेला निंबाखाली निजवलं.

मग तो उठला, सरळ दाणींकडे आला, आणि दोन्ही हातांनी त्यांचा गळा धरून त्यांना जीपच्या बॉनेटवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. दाणींचा चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं. ते प्रतिकार करत नव्हते. चार माणसांनी देवाजीला ओढून काढलं. दाणी तसेच पडून म्हणाले, "सोडा त्याला. माझी सही आहे."

कंपनीच्या चौकशीत निकाल लागला, की ड्रायव्हरने बेफिकिरीने, बहुधा दारू पिऊन गाडी चालवली. गोविंदा आयुष्यात दारूला शिवला नव्हता. मीराला तो कागद वाचून दाखवला तेव्हा तिने चुलीतलं जळतं लाकूड उचलून वाचणाऱ्या कारकुनाच्या अंगावर धाव घेतली.

दाणींनी एकच मागणी केली. दुसरी गाडी बनवावी, आणि मंजुरीआधी ती रिकामी भिंतीवर आदळवून पाहावी. परदेशात असं करतात, त्यांनी सांगितलं. छोटे मालक हसले. "जी गाडी बनवायला आठ महिने लागतात, ती भिंतीवर मारू? वेड लागलंय?" तेवढ्यावर मागणी संपली. दुसरी गाडी मात्र हवी होती, संचालकांना दाखवायला.

आणि ती देवाजीने बनवली.

शेडमध्ये लोक त्याच्यावर थुंकायचे तेवढे बाकी होते. ज्या गाडीने घरचा माणूस खाल्ला तीच पुन्हा घडवतोय, तेही तोच रॉड घालून. मीराने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो डबा घेऊन तिच्याकडे गेला तर तिने डबा अंगणात भिरकावला आणि म्हणाली, "माह्या दारी येऊ नको. तू माहा भाऊ नोहेस." त्याची बायको कांताबाई एकदा कारखान्याच्या गेटवर आली आणि सगळ्यांसमोर त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडली. "सोड नं हे काम! रिक्षा ओढू आपन!" त्याने तिचे हात धरले, तिला घरी पोचवलं आणि परत येऊन हातोडा उचलला.

इतकं सुंदर काम त्याने कधी केलं नव्हतं. तो पत्र्यावर तळहात फिरवायचा, डोळे मिटून, आणि केसाएवढा उंचवटा लागला तरी पुन्हा साचा लावायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "देवाजी, कशासाठी एवढं?"

"ताई, गाडी खराब बनली तं ते म्हनतील, देवाजीनं खराब बनवली," तो म्हणाला. "चांगली बनली पाहिजे. एकदम चांगली."

तेव्हा मला ते कळलं नाही.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत संचालक आले. सोबत आखातातला एक व्यापारी आणि दिल्लीचा एक अधिकारी. कारखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीची टेकडी होती. तिच्यावरून तीव्र उताराचा रस्ता खाली यायचा, त्या उतारावर ट्रकचे ब्रेक तपासत. उताराच्या तळाशी, रस्ता जिथे वळतो तिथे, काँक्रीटची जाड भिंत होती. बाजूला मांडव घातला होता. ठरलं होतं असं, की दाणी टाकीपासून गाडी चालवत खाली आणतील, वळण घेतील आणि मांडवासमोर उभी करतील. मग चहा, मग शेवटची सही. मी मांडवात नकाशांचं भेंडोळं सांभाळत उभी होते.

वर काय झालं ते मला नंतर दाणींनीच सांगितलं. दाणी गाडीत बसले होते. देवाजी शेवटचा हात फिरवत होता. त्याने टाकीच्या मागून एक गोणी उचलून आणली. तांदळाने गच्च भरलेली, माणसाच्या धडाएवढी. तिच्यावर गोविंदाचा खाकी सदरा चढवून शिवला होता. ती गोणी मीराने शिवली होती. आदल्या दिवशी देवाजी तिच्या दारात बसून राहिला होता, आणि सगळं ऐकल्यावर तिने स्वतः सुई-दोरा घेतला होता.

देवाजी म्हणाला, "साहेब, उतरा."

त्याच्या हातात लोखंडी हातोडा होता. पण दाणी मला शपथेवर म्हणाले, की ते हातोड्याला भिऊन उतरले नाहीत. ते उतरले, देवाजीने गोणी सीटवर बसवून पट्ट्याने बांधली, आणि दाणींनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सरळ धरलं. हँडब्रेक देवाजीने सोडला.

आम्ही खालून पाहत होतो. लाल गाडी उतारावर आली तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. ती वेगात आली. आणखी वेगात. तिला वळायचं होतं तिथे ती वळली नाही, आणि टाळ्या तुटल्या.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. गाडीचं तोंड भिंतीत गेलं, मागची चाकं हवेत उडाली आणि परत आपटली. धूळ खाली बसली तेव्हा पाहिलं, मागची काच फुटून तांदूळ डिकीवर, जमिनीवर, सगळीकडे सांडत होते. रॉड खाकी सदऱ्याच्या बरोबर तिसऱ्या बटणातून शिरून सीटच्या पाठीतून बाहेर आला होता.

देवाजी उतारावरून धावत आला. "पाहा!" तो ओरडत होता. "पाहून घ्या! असा मेला आमचा गोविंदा! दारू पेल्यानं नाई मेला!"

पहारेकऱ्यांनी त्याला मांडवापासून वीस पावलांवर पाडलं. सात-आठ जण होते. लाठ्या, बूट, जे हाती येईल ते. तो दोन्ही मुठींत धरलेला हातोडा सोडत नव्हता, म्हणून एकाने त्याच्या डाव्या हातावर लाठीचा बुंधा धरून त्यावर उडी मारली. हाडं मोडल्याचा आवाज मांडवात ऐकू आला. छोटे मालक ओरडले, "मारा हरामखोराला!" पाहुण्यांपुढे.

मी काही शूर बाई नव्हते. माझ्या पगारावर घर चाललं होतं. पण भेंडोळ्यात सगळ्यात खाली तो रद्द केलेला नकाशा होता. का कुणास ठाऊक, सकाळी कपाटातून सगळे नकाशे काढताना मी तोही उचलला होता. मी तो दिल्लीच्या अधिकाऱ्यापुढे टेबलावर पसरला आणि सांध्यांवर बोट ठेवलं. एवढंच म्हणाले, "हे आधी असं होतं." छोट्या मालकांनी माझ्या कानशिलात मारली. मी खुर्चीवर कोसळले, पण नकाशा अधिकाऱ्याच्या हातात गेला होता.

व्यापारी उठून गाडीपाशी गेला. रॉडच्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग परत येऊन, देवाजी काय ओरडत होता ते एका इंजिनियरकडून समजून घेतलं आणि अध्यक्षांना इंग्रजीत विचारलं, "पहिल्या गाडीचा ड्रायव्हर कशाने मेला?"

अध्यक्षांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. चहा तसाच थंड झाला. सही झाली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. 'एक्स सात'ची फाईल महिनाभरात बंद झाली.

देवाजीला पोलिसांनी नेलं. तीन दिवस कोठडीत त्याला उलटं टांगून तळव्यांवर मारलं. कुणी शिकवलं, युनियनचं कोण मागे आहे, ते विचारत होते. तो म्हणायचा, "माहा भाटवा मेला, साहेब, बहिनीचा नवरा. अजून कोन शिकवन?" नाव एकही दिलं नाही. दाणींचंही नाही.

खटला दोन वर्षं चालला. इंदोऱ्यातलेच आनंदराव वकील देवाजीच्या बाजूने उभे राहिले. कंपनीच्या वकिलाने सांगितलं, की आरोपीने हातोडा दाखवून इंजिनियरला गाडीतून ओढून काढलं. मग दाणी साक्षीला आले. तोपर्यंत ते नोकरीतच होते. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी स्वतः उतरलो. स्टिअरिंग मी सरळ केलं. रॉड धोक्याचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी मी सही केली. गोविंदाला मी मारलं." कोर्टात मीरा बसली होती. ती उठून बाहेर गेली, आणि व्हरांड्यात तिने एवढ्या जोराने भिंतीवर कपाळ आपटलं की शिपायाला तिला धरावं लागलं.

देवाजी सुटला. गोविंदाच्या कागदावरचं दारूचं वाक्य कंपनीला खोडावं लागलं, आणि मीराला स्टोअरमध्ये नोकरी द्यावी लागली. मला त्या जानेवारीतच काढलं होतं, साक्षीनंतर दाणींनाही काढलं. मी पुढे मुलींना नकाशे काढायला शिकवू लागले.

देवाजीच्या डाव्या हाताची तीन बोटं वाकडीच जुळली. बारीक काम त्याच्याने होईना. प्रताप नगरात त्याने एक टिनाची शेड टाकली आणि चेपलेल्या स्कूटर, मेटॅडोर ठोकून देऊ लागला. कांताबाई पत्रा धरायची, तो उजव्या हाताने ठोकायचा. मी अधूनमधून जायची. एकदा विचारलं, ती गाडी मोडताना वाईट नाही वाटलं?

"वाटलं," तो म्हणाला. "गोविंदाच्या टायमाले मी रडलो नाई, ताई. आरी चालवाची होती. त्या गाडीसाठी मी रडलो. कोठडीत. त्यायले वाटे, मारानं रडून राहिला."

ब्याऐंशी साली दाणी आपली चेपलेली गाडी घेऊन त्याच्या शेडवर आले, तेव्हा मी तिथेच होते. देवाजीने मान वर केली नाही. म्हणाला, "उद्या या." दाणी दुसऱ्या दिवशी आले. "उद्या या." तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि उन्हात उभे राहिले. दुपारी देवाजीने हातातलं काम ठेवलं, गाडीचं दार काढलं, ठोकून सरळ केलं आणि परत बसवलं. कांताबाईने बाकावर पाण्याचा तांब्या ठेवला. दाणी पाणी प्यायले, त्यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं, आणि निघून गेले. देवाजीने पुढची स्कूटर ओढून घेतली.